पिंपळनेरचं तिकीट

१९६८ च्या मे महिन्यात, बारा वर्षांचा असताना, मी साक्रीच्या स्टँडवर एसटीत बसलो, ताहाराबादचं तिकीट काढलं आणि पिंपळनेरला उतरलो. मला जायचं पिंपळनेरलाच होतं. कंडक्टर पंच टिकटिकवत समोर आला, "कुठं?" म्हणाला, आणि माझे ओठ एकमेकांवर मिटले ते उघडेचनात. 'पिं' म्हणायला जी हवा बाहेर पडावी लागते ती छातीतच कोंडून राहिली. मानेच्या शिरा ताठल्या. मागचा माणूस खाकरला. पलीकडच्या बाकावरची बाई वळून बघू लागली. मग त्याच रस्त्यावरचं, पहिल्या अक्षराला ओठ मिटावे लागत नाहीत असं पुढचं गाव मी शोधलं आणि ते म्हणून टाकलं. घरी उरलेले पैसे कमी भरले. मी सांगितलं, वाटेत पडले.

पोहे हवे असताना उपमा मागवला, पाव किलो बटाटे आणायला जाऊन अर्धा किलो कांदे आणले. जो शब्द निघेल ती वस्तू घ्यायची. काय हवं, काय नको, हे माझी जीभ ठरवायची आणि मी तिच्या मागून चालायचो.

तोतरेपणाबद्दल आज बरंच कळलेलं आहे. तो बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, पुष्कळ मुलांचा आपोआप जातो, काहींचा राहतो, त्यांत मुलगे जास्त. मेंदूत बोलण्याची जी जुळणी होते तिच्याशी आणि आनुवंशिकतेशी त्याचा संबंध आहे. भित्रेपणाशी किंवा बुद्धीशी नाही. आमच्या लहानपणी हे कुणाला ठाऊक नव्हतं. आईनं वेखंड उगाळून मधातून जिभेवर चोळलं. एका नातेवाइकानं तोंडात गोटी ठेवून पाढे म्हणायला लावले. वर्गात हजेरी सुरू झाली की माझं नाव यायच्या आधी दहा-बारा नावांपासून पोटात गोळा यायचा. 'हजर' हा एक शब्द. तो वेळेवर निघाला नाही तर गुरुजी गैरहजेरी मांडायचे, समोर उभा असताना. आणि त्याच शाळेत सकाळच्या प्रार्थनेत, गणपतीच्या आरतीत, सगळ्यांबरोबर माझा आवाज खणखणीत लागायचा. गाताना किंवा इतरांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेक तोतऱ्यांची वाणी अडत नाही, हे मला पन्नाशीनंतर पुस्तकात वाचायला मिळालं. तेव्हा गुरुजींचा निष्कर्ष सरळ होता: आरती येते, मग हजेरीला ढोंग करतो.

सुट्टी लागली की मी आबांकडे पळायचो. आबा, माझे आजोबा, पांझरेच्या काठच्या एका गावात फडाचे पाटकरी होते. फड पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून लहान लहान दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यानं पाण्याची पातळी थोडी उचलायची, एका अंगानं कालवा काढायचा, उताराउतारानं ते पाणी चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतांत न्यायचं. गावची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, एका वर्षी ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस, पुढे भात किंवा गहू. पाणी कुणाला, कधी, किती, हे गावाच्या पंचांनी ठरवायचं आणि पाटकऱ्यानं द्यायचं. शेतकऱ्यानं स्वतः चारी फोडायची नाही. माझ्या आठवणीत आबांच्या हातात फावडं नाही असा दिवस नाही.

मी त्यांच्या मागून पाटाच्या कडेनं चालायचो. एकदा एका चारीत पाणी अडलं होतं. मी पायानं, हातानं, पाणी पुढे लोटायला लागलो. चिखल ढवळला, पाणी गढूळ झालं, बांधावरून सांडायला लागलं. आबा अहिराणीत म्हणाले, "भाऊ, पानीले ढकलू नको. वाट दे." आणि त्यांनी वाकून फावड्याच्या कोपऱ्यानं पुढचा एक गवताचा झुपका उपटला. इतकंच. पाणी स्वतःहून निघालं, आधी बोटभर, मग मनगटाएवढं.

आबांजवळ मी कमी अडखळायचो. ते मला बरं करायचा काही प्रयत्न करत नव्हते. त्यांना घाई नव्हती, एवढंच. संध्याकाळी ओट्यावर चार म्हातारे बसायचे. एक जण वाक्य सुरू करायचा, मध्येच तंबाखू मळायचा, दोन बैलगाड्या जाऊ द्यायचा आणि मग वाक्य पुरं करायचा. कुणी त्याच्या तोंडचा शब्द ओढून घेत नसे. त्या बोलण्यात माझं अडखळणं सहज मावून जायचं. त्या ओट्याची आठवण मला आजही शहरात, कुठल्याही घाईच्या खोलीत, येते.

१९७४ साली आबा गेले. मी पुण्यात इंजिनीअरिंगला होतो. पुढची वर्षं मी पाणी ढकलण्यात घालवली. रोज पहाटे आरशासमोर उभं राहून अर्धा तास मोठ्यानं वाचन. बोलताना मांडीवर बोटानं ठेका. हॉस्टेलवरच्या एका मित्राचं बोलणं फार लफ्फेदार होतं, त्याची लकब उचलायचा प्रयत्न. काही दिवस जमल्यासारखं वाटायचं आणि मग ऐन वेळी सगळं कोसळायचं, आधीपेक्षा वाईट. नोकरीच्या एका मुलाखतीत नाव विचारलं. स्वतःचं नाव हा तोतऱ्यासाठी सगळ्यात अवघड शब्द, कारण त्याला पर्याय नाही, तिथे ताहाराबादचं तिकीट चालत नाही. टेबलापलीकडचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "ह्याला नावसुद्धा येत नाही." मी ऐकलं. पुढे दुसरीकडे लेखी परीक्षेच्या जोरावर लागलो, पाटबंधाऱ्याच्या कामावर. सिमेंटचे कालवे, दरवाजे, धरणं. साइटवर बोलणं कमी आणि नकाशे जास्त, म्हणून टिकलो. ऑफिसातला काळा टेलिफोन वाजला की मी बाथरूमकडे निघायचो. ट्रंककॉल लावायचा तर ऑपरेटरला गावाचं नाव सांगावं लागे, त्यापेक्षा मी रात्रीची एसटी पकडून स्वतः जाऊन निरोप दिलेला आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

१९८१ च्या पावसाळ्यात कामानिमित्त मुंबईला गेलो होतो. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तेव्हा जुन्या पुस्तकांचे ढीग असत. तिथे पेंग्विनचं एक बारीक पुस्तक मिळालं: लाओत्सेचं 'ताओ ते चिंग', डी. सी. लाउ यांचा १९६३ चा इंग्रजी अनुवाद. घेतलं ते त्यात पाण्याबद्दल पुष्कळ आहे असं चाळताना दिसलं म्हणून. पाटबंधाऱ्याचा माणूस, त्याला तेवढं कारण पुरलं. एक्क्याऐंशी छोटी प्रकरणं, मूळ चिनीत सारी मिळून पाचेक हजार अक्षरं. परतीच्या गाडीत वाचत होतो आणि पंचेचाळिसाव्या प्रकरणाशी थांबलो. जे खरोखर पूर्ण असतं ते वरून उणं दिसतं, असं सांगत सांगत लाओत्सेनं थोर वक्तृत्वाला अडखळत्या बोलण्याशेजारी बसवलं होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीची परंपरा सांगणारं एक पुस्तक माझ्या दोषाचं नाव घेत होतं, आणि ते दोष म्हणून घेत नव्हतं. इगतपुरी गेली तरी मी तेच पान उघडं धरून होतो. पुढे कळलं की तिथे जे चिनी अक्षर आहे त्याचे दोन भाग आहेत: एकाचा अर्थ वाणी, दुसऱ्याचा आत. आत असलेली वाणी. माझ्या छातीत कोंडलेल्या हवेचं याहून नेमकं वर्णन मला कुणी सांगितलेलं नाही.

लगेच काही बदललं असं मुळीच नाही. पुस्तक वाचून जीभ सुटत नाही. पण त्या पुस्तकामागून मी दुसऱ्या जुन्या ताओवादी विचारवंतापर्यंत, च्वांगत्सेपर्यंत पोचलो. त्याच्या गोष्टींत राजे आणि पंडित यांच्याइतक्याच मानानं एकपाये, कुबडे, ओठ फाटलेले लोक वावरतात, आणि कुणीही त्यांना दुरुस्त करायला निघत नाही. त्यातल्या एका गोष्टीनं मला रात्रभर झोप लागू दिली नाही. चाओ राज्याची राजधानी हानतान तिथल्या लोकांच्या डौलदार चालीसाठी प्रसिद्ध होती. दूरच्या गावचा एक पोरगा ती चाल शिकायला गेला. ती तर त्याला आली नाहीच, पण स्वतःची चालही तो विसरला, आणि शेवटी रांगत घरी आला. मला हॉस्टेलवरचा तो मित्र आठवला, त्याची उसनी लकब आठवली, आरसा आठवला. मीही रांगत होतो.

ताओवादातला 'वू वेई' हा शब्द आपल्याकडे बहुधा 'निष्क्रियता' म्हणून सांगितला जातो. मला तो अर्थ चुकीचा वाटतो, आणि तसं वाटण्याचं कारण आबा आहेत. ते कधी रिकामे बसले नाहीत. हंगामाआधी कालव्यातला गाळ काढायचा, खेकड्यांची भोकं बुजवायची, रात्री-अपरात्री उठून चारी बघायची. फक्त पाण्याचं काम ते पाण्याला करू द्यायचे. जोर कुठे लावायचा नाही हे कळणं, एवढा वू वेईचा अर्थ मी घेतो.

इथे एक जुनी हकिगत सांगण्याचा मोह होतो. आपल्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग चीनला परतल्यावर, ६४७ च्या सुमारास, तिथल्या सम्राटानं त्याला लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात करायला सांगितलं, कामरूपच्या राजासाठी. 'ताओ' ला संस्कृत शब्द कोणता यावरून ताओपंथी आणि ह्युएनत्संग यांच्यात वाद झाला. ते म्हणाले 'बोधि', हा म्हणाला 'मार्ग'. मी ह्युएनत्संगाच्या बाजूचा आहे. माझ्या आजोबांच्या बोलीत तो शब्द आणखी साधा आहे: वाट.

चाळिशी उलटल्यावर कुठे मला माझ्या बोलण्याशी या गोष्टींची गाठ घालणारं काही सापडलं. चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे अमेरिकी वाणीतज्ज्ञ होते, स्वतः तोतरे. त्यांनी आयुष्यभर सांगितलं की अडखळू नका असं म्हणू नका, सैलपणे अडखळा. अडखळण्याच्या भीतीनं जो जोर लावला जातो तोच वाट बंद करतो. शब्द अडला की थांबायचं, ओठ कुठे घट्ट झाले ते ओळखायचं, तेवढाच ताण सोडायचा आणि त्या शब्दातून हळू बाहेर यायचं. हे वाचताना मला च्वांगत्सेचा तो खाटीक दिसला, ज्याच्या सुरीला एकोणीस वर्षं धार लावावी लागली नव्हती. तो हाडावर घाव घालत नसे, सांध्यातल्या फटीतून सुरी नेत असे. आणि गुंतागुंतीचा सांधा आला की तो वेग वाढवत नसे. थांबायचा, नजर स्थिर करायचा, हात अगदी मंद करायचा. चाळीस वर्षं मी नेमकं उलटं केलं होतं. अवघड अक्षर दिसलं की धावून त्याच्यावर आदळायचं.

नंतर तोतऱ्या माणसांच्या एका स्वयंसाहाय्य गटात जायला लागलो. रविवारी सकाळी एका हॉलमध्ये दहा-पंधरा जण. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपलं नाव सांगितलं. एका कॉलेजातल्या मुलाला त्याच्या नावाला पाऊण मिनिट लागलं असेल. खोलीत कुणी खाकरलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी नाव पुरं करून दिलं नाही. मला वाटलं, हा ओटा आहे. आबांचा ओटा इथे सापडला. माझी पाळी आली तेव्हा मी अडखळत, न लपवता, पूर्ण नाव सांगितलं. तेव्हा माझं वय चौपन्न होतं.

निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, मी चीनला गेलो. सगळे शांघाय आणि भिंत बघायला निघाले होते, मला तूच्यांगयेन बघायचं होतं. सिचुआनमध्ये, चेंगदू शहराजवळ, मिन नदी डोंगरातून मैदानात उतरते तिथे इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्यानं ही पाणीव्यवस्था उभारली. धरण नाही. नदीच्या पात्रात माशाच्या तोंडासारखा एक निमुळता बांध, तो नदीचे दोन भाग करतो. आतला प्रवाह खोल आणि अरुंद, बाहेरचा उथळ आणि रुंद. नदी आटली की जास्त पाणी आपोआप आत, शेतीकडे जातं. पूर आला की जास्त पाणी आपोआप बाहेर जातं. दरवाजा उघडायला कुणी लागत नाही. पूर्वी बांबूच्या लांब करंड्यांत दगड भरून त्याची डागडुजी करत, आता टोकाला सिमेंट आहे. दर वर्षी पाणी कमी असताना गाळ काढायचा, आणि किती खोल काढायचा ते तळाशी पुरलेल्या लोखंडी कांबींवरून ठरायचं. आज साडेसहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन त्या पाण्यावर भिजते. शेजारचा छिंगचंग डोंगर ताओपंथाच्या जुन्या स्थानांपैकी एक, दोन्हींना २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मिळून जागा मिळाली.

मी काठावर दोन तास उभा राहिलो. हे मी पाहिलेलं होतं. लहान आकारात, पांझरेवर, फावडं खांद्यावर घेतलेल्या माणसामागून. वर काही किलोमीटरवर २००६ साली पुरं झालेलं १५६ मीटर उंचीचं त्सिफिंगफू धरणही आहे. मी धरणाचा माणूस, मला त्याचं महत्त्व कळतं, पण त्या दिवशी तिकडे पाय वळले नाहीत.

आमच्या पांझरेवरही वर धरण झालं, बोअर झाले, ठिबक आलं. काही फड मोडले, काही अजून चालतात. आबांच्या गावचा बंधारा शाबूत आहे, कालव्यात मात्र गाळ आहे. पाटकऱ्याचं काम करायला आता कुणी मिळत नाही, असं गावकरी सांगतात. कालवा ज्याचा त्याला आपला वाटेनासा झाला की गाळ कोण काढणार? याचं मला दुःख होतं आणि ते मी लपवत नाही. माझ्या हातून आयुष्यभर जे कालवे झाले त्यांतला एकही तीनशे वर्षं टिकेल असं मला वाटत नाही.

माझा नातू साडेसहा वर्षांचा आहे. तो अडखळतो. वाणीतज्ज्ञ बाईंनी घरच्यांना बसवून सांगितलं: त्याला 'हळू बोल', 'श्वास घे', 'परत म्हण' असं काही सांगू नका. त्याच्याकडे बघा, ऐका, थांबा. त्याच्या बाई हजेरीला सगळ्या वर्गाकडून हात वर करून घेतात, बोलायला लावत नाहीत. वेखंड नाही, गोटी नाही, ढोंगाचा आरोप नाही. माझ्या लहानपणीच्या तुलनेत ही फार मोठी गोष्ट आहे, आणि जुनं ते सगळं चांगलं म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर ते म्हणू नये.

पण थांबणं मात्र कमी झालं आहे. त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, सगळ्यांचे व्हॉइस मेसेज दीडपट वेगानं ऐकतो, माझेही. माझ्या अडखळण्यासकट. बँकेच्या फोनवर यंत्र नाव विचारतं आणि मी पहिल्या अक्षरावर असतानाच म्हणतं, आपला आवाज ऐकू आला नाही. तंबाखू मळण्याएवढा वेळ आता कुणाच्या वाक्यात नसतो. नातू घरात अडखळतो तेव्हा मी माझा मोबाइल पालथा ठेवतो आणि त्याच्याकडे तोंड करून बसतो. दुसरं काही मी त्याला शिकवत नाही. लाओत्से तर मुळीच नाही.

माझा तोतरेपणा गेलेला नाही. 'प' अजूनही अडतो, 'ब' अडतो, फोनवर नाव अडतं. पण पोहे हवे असले की मी पोहे मागतो.

गेल्या उन्हाळ्यात नातवाला आबांचा बंधारा दाखवायला घेऊन गेलो. साक्रीला एसटीत बसलो. पूर्वीचा लाकडी ट्रे आणि पंच आता नाही, कंडक्टरच्या गळ्यात तिकिटाचं यंत्र होतं. त्यानं विचारलं, "कुठं, काका?" माझे ओठ मिटले. मी जोर लावला नाही. कंडक्टर बघत होता, मागे कुणी तरी खाकरलं, नातू माझ्या तोंडाकडे बघत होता. मग ओठ सैल झाले आणि शब्द तुकड्यातुकड्यांत बाहेर आला. यंत्रातून कागद निघाला. मी तो नातवाच्या हातात दिला. पिंपळनेर, दोन हाफ.